रॉकक्रेसची ओळख केसावरून

थंडीतल्या लाडवांतले अळीव आणि फोडणीतली मोहरी ही एकाच कुळातली भावंडं. चार पाकळ्यांचं फूल ही या कुळाची खूण. अळिवाला इंग्रजीत ‘गार्डन क्रेस’ म्हणतात. त्याच कुळातल्या, डोंगरकपारींत आणि खडकाळ उतारांवर वाढणाऱ्या काही रानवनस्पतींना ‘रॉकक्रेस’ हे नाव आहे. तळाशी पानांचा झुबका, त्यातून वर येणारी सडपातळ दांडी, तिच्यावर पांढरी किंवा जांभळट बारीक फुलं आणि मग लांबट शेंगा. इतकं साधं रूप. तरीही ‘यातली ही नेमकी कोणती?’ असं विचारलं, की अनुभवी वनस्पतिशास्त्रज्ञही लगेच उत्तर देत नाहीत.

उत्तर अमेरिकेतल्या रॉकक्रेस बराच काळ ‘अराबिस’ या प्रजातीत गणल्या जात. मात्र अराबिसच्या गुणसूत्रांचा मूळ संच आठचा, तर अमेरिकेतल्या बहुतेक रॉकक्रेसचा सातचा. पुढे जनुकीय पुराव्यांनीही दाखवलं, की दोघींत दिसतं तितकं जवळचं नातं नाही. २००३ मध्ये इहसान अल-शेहबाझ यांनी यातल्या बऱ्याच जाती ‘बोएचेरा’ या प्रजातीत हलवल्या. टिगे बोचर या डॅनिश शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ ठेवलेलं हे नाव. आज या प्रजातीत शंभराहून अधिक जाती मानल्या जातात.

इतक्या जाती असूनही त्या ओळखणं एवढं अवघड का? याचं कारण बोचर यांच्याच अभ्यासातून पुढे आलं. ग्रीनलँडमधल्या रॉकक्रेसवर काम करताना त्यांना आढळलं, की काही झाडं फलनाशिवायच बी धरतात. एरवी अंडपेशी तयार होताना गुणसूत्रं निम्मी होतात आणि उरलेली निम्मी परागकणातून येतात. या झाडांत ती निम्मी होतच नाहीत आणि अंडपेशीतून थेट गर्भ वाढतो. त्यामुळे बीमधून उगवणारं रोप म्हणजे आईची हुबेहूब प्रत. या प्रकाराला ‘अ‍ॅपोमिक्सिस’ म्हणतात.

आता यात संकराची भर घाला. घोडा आणि गाढव यांच्या संकरातून खेचर होतं, पण खेचराला सहसा पिल्लू होत नाही, म्हणून तो संकर तिथेच थांबतो. दोन रॉकक्रेसचा संकर मात्र फलनाशिवाय बी धरू लागला, तर पिढ्यान् पिढ्या तसाच टिकतो आणि पसरतो. त्याची काही लक्षणं एका पालकाची, काही दुसऱ्याची. काही झाडांत तर तीन वेगवेगळ्या जातींचे गुणसूत्रसंच एकत्र नांदतात. अशी झाडं शेजारी उगवली, की दोन जातींमधली सीमारेषा डोळ्यांना दिसेनाशी होते.

मग ओळखायचं कसं? नुसत्या फुलावरून भागत नाही. तळाची पानं आणि पिकलेल्या शेंगा, दोन्ही हाताशी हवेत. शेंगा दांडीला चिकटून वर उभ्या आहेत, आडव्या पसरल्या आहेत की खाली लोंबतात, हे आधी पाहायचं. त्यानंतर भिंगाखाली पानांवरचे केस. काही जातींत ते सरळ, काहींत टोकाशी दुभंगलेले, तर काहींत चांदणीसारखे अनेक फाट्यांचे असतात. खोडाच्या तळाशी कसे केस आहेत आणि वर कसे, यालाही महत्त्व आहे.

तिसरी खूण परागकणांची. नेहमीच्या पद्धतीने फलन होणाऱ्या जातींचे परागकण लांबट आणि एकसारखे असतात, तर फलनाशिवाय बी धरणाऱ्यांचे गोलसर आणि बेढब खाचांचे. संग्रहालयात वाळवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवरही ही तपासणी करता येते. शेवटचा उपाय डीएनएचा. ठरावीक जागांवरचे डीएनएचे छोटे, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे मोजून नमुना शुद्ध जातीचा आहे की संकर, आणि संकर असेल तर कोणाकोणाचा, हे आता सांगता येतं.

एका रानझुडपासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण अमेरिकेत धोक्यात आलेल्या जातीला कायद्याचं संरक्षण मिळतं ते तिच्या नावाने. व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या उघड्या, तापलेल्या शेल खडकाच्या उतारांवर वाढणारी ‘शेल बॅरन रॉकक्रेस’ १९८९ मध्ये या यादीत आली. ‘स्मूथ रॉकक्रेस’ ही तिची जवळची नातेवाईक. ती वसंतात फुलते, तर शेल बॅरन रॉकक्रेस भर उन्हाळ्यात. मोजणी करणाऱ्याने दोघींची गल्लत केली, तर दुर्मीळ जात कागदोपत्री मुबलक ठरेल आणि डोंगरावरून मात्र नाहीशी होत जाईल.

दुसरं कारण आपल्या शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेलं आहे. संकरित बियाण्याचं पीक जोमदार येतं, पण त्याच पिकातलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर गुण विखुरतात. म्हणून दर हंगामाला नवं बियाणं विकत घ्यावं लागतं. फलनाशिवाय बी धरण्याची युक्ती पिकात आणता आली, तर संकराचे गुण घरच्या बियाण्यातही टिकतील. भाताच्या बाबतीत असं बी प्रयोगशाळेत तयार करण्यात शास्त्रज्ञांना यश आलेलं आहे. निसर्गात ही युक्ती कशी चालते, हे समजून घेण्यासाठी रॉकक्रेस उपयोगी पडते, कारण तिच्या कुटुंबात फलन होणाऱ्या आणि फलनाशिवाय बी धरणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या बहिणी आहेत. पण दोघींची तुलना करायची, तर समोरचं झाड कोणाचं हे आधी नक्की माहीत हवं. ओळखच चुकली, तर पुढचा सारा अभ्यास भलत्याच झाडावर होतो.

संकराला नावं ठेवायचंही कारण नाही. भारतात सर्वाधिक पिकणारी मोहरी हीसुद्धा फार पूर्वी दोन जातींच्या संकरातूनच जन्मली आहे. तिची ओळख आपल्याला तडतडण्यावरून पटते. रॉकक्रेससाठी मात्र भिंगच हाती घ्यावं लागतं.