चाकांवरचे घर – लेखांक 7 : छताची उंची आणि अंगण

मुक्कामाच्या वाहनाची, म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे कॅम्परव्हॅन म्हटले जाते त्या चाकांवरच्या घराची, निवड करताना इंजिन, इंधन आणि किंमत यांचा विचार झाल्यावर जो प्रश्न कुटुंबात सर्वाधिक काळ चर्चिला जातो, तो आत सरळ उभे राहता येते की नाही हा होय. वाहनाच्या आतल्या तळापासून छतापर्यंतच्या ज्या मोकळ्या उंचीत घरातील सर्वांत उंच माणूस मान न वाकवता उभा राहू शकतो, तिला या लेखात ‘उभी उंची’ असे म्हटले आहे. गेल्या लेखांकात झोपण्याच्या जागेचा विचार करताना वाहनाची लांबी आणि रुंदी यांची मांडणी झाली होती. उंचीचा प्रश्न त्याहून वेगळा ठरतो, कारण लांबी-रुंदीत पडलेली तूट फळ्या घडीच्या करून काही अंशी भरून काढता येते, परंतु छताची तूट वाहन विकत घेतल्यानंतर सहजासहजी भरून निघत नाही.

मोजायचे काय?

उंचीचा पहिला घोटाळा मापाचाच असतो. वाहनाच्या माहितीपत्रकात छापलेली उंची बहुधा रस्त्यापासून छतापर्यंतची बाहेरची उंची असते आणि आतली उंची दिलेली असली तरी ती उघड्या पत्र्यापासून उघड्या पत्र्यापर्यंतची असते. प्रत्यक्षात मात्र तळाला प्लायवूड आणि उष्णतारोधक थर, तर छताला पुन्हा उष्णतारोधक थर, लाकडी पट्ट्या आणि आच्छादन बसवल्यावर त्यातून सुमारे 8 ते 10 सेंटिमीटर खर्ची पडतात. जी उरते ती निव्वळ उंची आणि निर्णय तिच्यावरच घ्यावा लागतो. युरोपात अशा रूपांतरासाठी फार वापरल्या जाणाऱ्या फियाट डुकाटो या मालवाहू गाडीचे उदाहरण येथे उपयोगी पडते, कारण ती गाडी तीन छतांत मिळते आणि त्यांची आतली उंची अनुक्रमे 166, 193 आणि 217 सेंटिमीटर आहे. मधले छत निवडून आतले काम पूर्ण केल्यावर हाती साधारण 184 सेंटिमीटर उरतात, म्हणजे कागदावर सहा फुटांहून अधिक दिसणारी उंची वापरात सहा फुटांच्या काठावर येऊन थांबते.

परंतु युरोपातील मापे जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. भारतीय प्रौढ पुरुषाची सरासरी उंची सुमारे 165 आणि स्त्रीची सुमारे 152 सेंटिमीटर आहे. भारतीय शरीरांच्या मापांवर आधारलेले देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 साली प्रसिद्ध केले, त्यामागील विचारही हाच होता की परक्या शरीरांसाठी ठरवलेले ओटे, खुर्च्या आणि दारे येथील माणसाला जाचक ठरतात. ज्या कुटुंबातील सर्वांत उंच व्यक्ती 170 सेंटिमीटर आहे, तिच्यासाठी चपलेचे 3 आणि डोक्यावरच्या मोकळिकीचे 5 ते 7 सेंटिमीटर धरून 178 ते 180 सेंटिमीटर निव्वळ उंची पुरेशी होते, आणि त्यापुढील प्रत्येक सेंटिमीटर ही गरज नसून चैन ठरते.

उभ्या उंचीच्या खाली आणखी एक उंबरठा आहे, ज्याकडे खरेदीदाराचे लक्ष क्वचितच जाते. बिछान्यावर मांडी घालून ताठ बसायचे असेल, तर बसलेल्या माणसाचे डोके बैठकीपासून साधारण 80 ते 90 सेंटिमीटर वर असते. बिछाना तळापासून 45 सेंटिमीटर उंच असल्यास छत किमान 135 ते 140 सेंटिमीटरवर हवे. उभी उंची नसलेल्या वाहनात दिवस काढता येतात, परंतु बसती उंचीही नसलेल्या वाहनात केवळ झोपता येते, आणि हा फरक उभे राहता येण्या-न येण्यापेक्षाही मोठा आहे.

वाकण्याची किंमत

अर्धवट वाकून काम करणे हे शरीराला उभे राहण्यापेक्षा आणि बसण्यापेक्षाही जड जाते, याचे कारण तरफेच्या साध्या नियमात सापडते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या डोके, हात आणि धड या भागांचे वजन सुमारे 40 किलो भरते. माणूस चांगलाच पुढे वाकला आणि या वजनाचा मध्य कण्याच्या बुडापासून 20 सेंटिमीटर पुढे गेला, तर त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू कण्यापासून अवघ्या 5 सेंटिमीटर अंतरावर असल्यामुळे त्यांना चौपट, म्हणजे सुमारे 160 किलो वजनाइतकी ओढ द्यावी लागते. हातातील भांडे उतरवताना ही ओढ दोन मिनिटांची असते, तर पोळ्या लाटून भाजताना अर्ध्या तासाची, आणि म्हणूनच उंचीचा विचार ‘किती वेळ’ या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

याला जोडूनच एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण पुरुषांनी केलेल्या वाहनखरेदीत ती बहुधा सुटते. साडी बसून किंवा वाकून नेसता येत नाही. निऱ्या घालण्यासाठी सरळ उभे राहावे लागते आणि पदर घेण्यासाठी कोपर बाजूला पसरावे लागतात. ज्या कुटुंबातील आई, आजी किंवा सासू रोज साडी नेसते, त्या कुटुंबासाठी आतली उभी उंची हा आरामाचा भाग नसून आबरूचा आणि स्वावलंबनाचा भाग आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत तर वाकून चढणे, वाकूनच वळणे आणि वाकूनच बसणे या तीन क्रिया प्रवासाचा उत्साह पहिल्याच मुक्कामात संपवू शकतात.

सेवाग्रामची ठेंगणी कुटी

तरीही उभी उंची हीच राहण्याजोगेपणाची कसोटी मानली, तर वर्धा जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध निवासस्थानाचा अर्थ लागत नाही. महात्मा गांधी 1936 साली सेवाग्रामला राहावयास आले आणि पुढे मीराबेन यांच्यासाठी उभारलेली जी कुटी त्यांचे निवासस्थान झाली, ती बापूकुटी माती, बांबू आणि कवेलू यांची, ठेंगण्या बांधणीची आहे. त्या जागेत देशाचा पत्रव्यवहार चालला, पाहुणे आले आणि रुग्णांची विचारपूस झाली. तिथे उंचीची उणीव भासली नाही, कारण तेथील जीवन जमिनीलगतचे होते. चटईवर बसणे, बुटक्या मेजावर लिहिणे आणि हाताच्या अंतरावर वस्तू ठेवणे ही रीत असली की छताने माणसापासून फार दूर जाण्याची गरज उरत नाही. चुलीपाशी पाटावर बसून होणारा स्वयंपाक हीदेखील याच रीतीची अवस्था होती. ओटा आला तेव्हा स्वयंपाक उभा राहिला आणि स्वयंपाकाबरोबर घराच्या उंचीची अपेक्षाही बदलली.

येथून एक सोपा, पण महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्या वाहनात शेगडी बुटक्या फळीवर आणि बैठक तळालगत ठेवली जाते, त्यात 140 सेंटिमीटरचे छत पुरते. ज्यात घरच्यासारखा 80 ते 85 सेंटिमीटर उंचीचा ओटा बसवला जातो, त्यात मात्र ओट्यासमोर उभे राहण्याची सोय नसेल तर तो ओटा शोभेचा ठरतो. मारुती ईकोसारख्या सुमारे 1.8 मीटर बाह्य उंचीच्या गाडीत उभा ओटा बसवणे ही याच प्रकारची चूक होय.

अंगण नसते तेव्हा

मात्र बापूकुटीचे उदाहरण अर्धेच घेतले तर दिशाभूल होते. त्या कुटीला ओसरी आहे, भोवती आश्रमाचे आवार आणि झाडे आहेत; उभ्याने करावयाची कामे तेथे बाहेर होत असत. विदर्भातील जुन्या घरातही जिला सपरी म्हणतात ती ओसरी आणि तिच्यापुढचे अंगण हाच घराचा खरा वावरण्याचा भाग होता, आणि आतल्या ठेंगण्या खोलीचा ठेंगणेपणा त्यामुळेच जाणवत नव्हता. ठेंगण्या वाहनाचेही असेच असते: त्याचे अंगण म्हणजे मागच्या दाराबाहेरची जमीन. छताची उंची आणि अंगण ही एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि म्हणूनच खरेदीपूर्वी विचारण्याचा प्रश्न ‘आत उभे राहता येते का’ एवढाच नसून ‘बाहेर उभे राहण्याजोगे दिवस किती’ हा आहे.

वर्धा जिल्ह्यापुरते या प्रश्नाचे उत्तर ऋतूंनी दिलेले आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बाहेरचे अंगण दिवसभर उपलब्ध असते. पवनारला धाम नदीच्या काठी किंवा बोरधरणाच्या परिसरात हिवाळ्यात मुक्काम करणाऱ्याला वाहनाच्या आत झोपेव्यतिरिक्त फारसे काम पडत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी दहा ते सायंकाळी सहापर्यंत अंगण नाहीसे होते. आणि जून ते सप्टेंबर या काळात पावसाच्या झडीत ते अनेक दिवस चिखलाखाली जाते. शिवाय 2014 साली घोषित झालेल्या बोर व्याघ्र प्रकल्पाच्या लगत मुक्काम असल्यास अंधार पडल्यावर वाहनाबाहेर वावरणे शहाणपणाचे नसते, म्हणजे तेथे हिवाळ्यातही संध्याकाळी अंगण मिटते.

उन्हाळ्याच्या बाबतीत उंचीला आणखी एक अर्थ आहे. तापलेला पत्रा आपली उष्णता खालच्या दिशेने प्रारणाने, म्हणजे हवेच्या माध्यमाशिवाय थेट, फेकतो, आणि तापलेली हवा वर चढून छतालगत साचते. उंच छताखाली बसलेल्या माणसाचे डोके या गरम थराच्या खाली राहते आणि छतातील झडप किंवा पंखा ती हवा बाहेर काढू शकतो, तर ठेंगण्या छताखाली डोके त्या थरातच सापडते. परंतु उंच वाहनाच्या बाजूच्या भिंतीही अधिक असल्यामुळे त्यावर पडणारे ऊनही अधिक असते, म्हणून उष्णतारोधक थराची जागा उंची घेऊ शकत नाही.

उंचीचे मोल

उंची फुकट मिळत नाही. वाहन 1.9 मीटर रुंद आणि छत 40 सेंटिमीटरने वाढवले, तर वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ सुमारे 0.76 चौरस मीटरने वाढते, आणि आकाराचा रोधगुणांक 0.4 धरल्यास त्या वाढीव भागासाठी ताशी 80 किलोमीटर वेगाला सुमारे 2 किलोवॅट, तर ताशी 100 किलोमीटरला जवळजवळ 4 किलोवॅट अधिक शक्ती खर्चावी लागते. वेग सव्वापट झाला असता हा खर्च दुप्पट होतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने आणि त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून येळाकेळी आणि विरूळजवळून जातो. त्या मोकळ्या, उंचावरच्या रस्त्यावर उंच वाहनाने 80 च्या आसपास राहणे इंधनासाठी जितके हितकारक, तितकेच बाजूच्या वाऱ्यासाठीही.

स्थैर्याचे गणितही असेच आहे. दोन चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता जे गुणोत्तर येते, त्यावरून वाहन वळणावर कलंडण्याची शक्यता जोखली जाते: चाकांचे अंतर 1.6 मीटर आणि गुरुत्वमध्य 0.8 मीटरवर असेल तर ते 1.0 भरते, आणि गुरुत्वमध्य 0.9 मीटरवर गेल्यास 0.89 वर उतरते. म्हणून उंच वाहनात पाण्याची टाकी आणि बॅटरी तळाशी, तर वरच्या कपाटांत केवळ कपडे आणि अंथरुणे ठेवावीत. शेवटी, शेतांकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यांवर बाभळीच्या फांद्या आणि शहरातील तळघरांच्या वाहनतळांवर आडवे लोखंडी अडसर पावणेतीन मीटर उंचीच्या वाहनाची वाट अडवतात, हेही विसरता येत नाही.

मधला मार्ग आणि कायदा

या दोन टोकांमधला मार्ग म्हणजे उचलता येणारे छत. जर्मनीतील वेस्टफालिया या कंपनीने फोक्सवागनच्या व्हॅनसाठी केलेली अशी छते जगभर परिचित झाली: प्रवासात छत मिटलेले, मुक्कामी एका बाजूने उचललेले आणि भोवती कापडी भिंत. थंड, कोरड्या हवेत ही योजना उत्तम ठरते. परंतु कापड उष्णता अडवत नाही आणि वादळी पावसात ते मिटवून घ्यावे लागते, म्हणजे वर्ध्यात ज्या दिवशी अंगण नसते नेमक्या त्याच दिवशी हे छतही उपयोगाचे राहत नाही.

शिवाय छत कापणे हे केवळ वर्कशॉपचे काम नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ ठामपणे मांडला. एमएच-32 क्रमांकाने वर्ध्यात नोंदलेल्या गाडीचे छत नंतर उंचावण्याचा बेत त्यामुळे नोंदणीपाशीच अडू शकतो. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले असले, तरी वाहनाच्या बांधणीचे नियम त्याने सैल होत नाहीत. म्हणूनच उंची हा खरेदीच्या दिवशी घ्यावयाचा निर्णय आहे. उंच छताचे टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर यांसारखे वाहन मुळातच निवडणे हा सुरक्षित मार्ग होय.

सारांश असा की, हिवाळ्यात दोन-चार रात्रींसाठी निघणाऱ्या, आत केवळ झोपणाऱ्या आणि शेगडी बाहेर मांडणाऱ्या जोडप्याने उंच छतासाठी इंधन आणि पैसा खर्च करण्याचे कारण नाही. त्यांनी बसती उंची मात्र सोडू नये. बारमाही फिरणाऱ्या, वृद्धांना बरोबर नेणाऱ्या किंवा वाहनातच दिवसाचे काम करणाऱ्या कुटुंबाला उभी उंची आवश्यक आहे, आणि तीही संपूर्ण वाहनात नव्हे, तर ओट्यापुढे आणि कपडे बदलण्याच्या जागी, हात-दीड हात रुंदीच्या एका पट्ट्यात. तो पट्टा कुठे पडतो हे ठरवण्यासाठी वाहनविक्रेत्याच्या दारात घरातील सर्वांत उंच आणि सर्वांत वृद्ध अशा दोन्ही व्यक्तींना नेणे, त्यांना चपलेसह आत चढवणे आणि होणाऱ्या अस्तराच्या जाडीइतका पुठ्ठा छताला धरून पाहणे, एवढी कसोटी पुरेशी आहे. त्या दिवशी आजीला पदर सावरण्याइतकी जागा मिळाली, तर पावसाने अंगण हिरावून घेतले तरी घर तिच्यासाठी घरच राहील.

(पुढील लेखांकात : पाण्याची साठवण आणि सांडपाण्याची विल्हेवाट)