घरच्या ध्वनिमुद्रणातील तडतड : दोष आवाजाचा की वेळेचा?

२०२०च्या टाळेबंदीत गायनवृंदांना एकत्र जमणे अशक्य झाले, तेव्हा अनेकांनी घरच्या संगणकावरच आवाज मुद्रित करण्याचा मार्ग धरला. ती सवय पुढेही टिकली. एक माइक, ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी, एक लॅपटॉप आणि दार बंद करता येईल अशी खोली, एवढ्या सामग्रीवर हे काम होते. कोणी रविवारच्या उपासनेची गीते मुद्रित करतात, तर कोणी घरातील वयोवृद्धांकडून लग्नाची जुनी गाणी उतरवून घेतात. हे दुसरे काम आम्हांला अधिक मोलाचे वाटते. ऐंशी-नव्वदीच्या आजीबाईंना तेच गाणे त्याच दमाने पुन्हा म्हणायला सांगता येईलच असे नाही. आणि नेमके अशाच वेळी, रात्री निवांतपणे ऐकावयास बसले असता, गाण्याच्या मधोमध ‘तड्’, ‘टक्’, ‘चर्र’ असे आवाज उमटलेले आढळतात.

पहिला संशय माइकवर जातो. दुकानात गेल्यास नवा माइक सुचविला जातो. दुकानदाराला तरी दोष कसा द्यावा? त्याने ती तडतड ऐकलेलीच नसते. परंतु अशी खरेदी पुष्कळदा व्यर्थ ठरते, कारण संगणकावरील तडतड ही बहुतेक वेळा आवाजाची नसून वेळेची चूक असते. हे कसे, ते समजले म्हणजे उपाय शोधणे सोपे जाते.

संगणक आवाज अखंड साठवीत नाही. सीडीच्या प्रमाणानुसार तो एका सेकंदाचे ४४,१०० सूक्ष्म नमुने, म्हणजे सँपल, मोजतो. हे नमुने एकेक करून प्रोसेसरकडे जात नाहीत, तर गठ्ठ्याने जातात. त्या गठ्ठ्याच्या जागेला बफर म्हणतात. आपल्याकडील लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणावी. वाढपी स्वयंपाकघरातून भाताचे पातेले भरून आणतो आणि पंगतीला वाढतो. पातेले लहान असेल, तर त्याला सतत धावावे लागते, आणि वाटेत कोणी त्याला बोलण्यात गुंतविले की पंगतीत एखादे पान रिकामे राहते. ते रिकामे पान म्हणजेच आपल्या कानावर येणारा ‘टक्’. पातेले मोठे असेल, तर खेपा कमी होतात व मधला अडथळा खपून जातो. मात्र प्रत्येक खेपेला पातेले भरण्यास वेळ लागतो.

हा वेळ किती असतो? २५६ नमुन्यांचा बफर ठेवल्यास सुमारे ५.८ मिलिसेकंद, १,०२४ नमुन्यांचा ठेवल्यास सुमारे २३ मिलिसेकंद. आवाज आत येताना आणि बाहेर जाताना अशा दोन्ही खेपांना तो लागतो. म्हणून १,०२४च्या बफरवर गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये सेहेचाळीस मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक उशिरा ऐकू येतो. जणू तो स्वतःपासून सोळा मीटर दूर उभा राहून ऐकत आहे. अशा स्थितीत तालात गाणे कठीण. त्यामुळे लोक बफर ६४ पर्यंत खाली आणतात, आणि तडतड सुरू होते.

यातून एक सरळ वाट आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात याचे आम्हांला नवल वाटते. बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचे बटण असते. ते दाबले असता गायकाचा आवाज संगणकात न फिरता पेटीतूनच थेट हेडफोनमध्ये जातो. मग बफर १,०२४ ठेवला तरी गायकाला उशीर जाणवत नाही आणि संगणकालाही श्वास घेण्यास उसंत मिळते. फक्त सॉफ्टवेअरमधून परत येणारा आवाज बंद करावा, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल.

अर्थात उपाय करण्यापूर्वी निदान हवे. तडतड जेथे आली तोच भाग दोन-तीनदा वाजवून पाहावा. दर वेळी ती जागा बदलत असेल, तर मुद्रण निर्दोष असून केवळ ऐकविताना संगणक मागे पडत आहे. अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही. दर वेळी त्याच अक्षरावर तडतड येत असेल, तर ती मुद्रणातच उतरली आहे. मग त्या ठिकाणी ध्वनिरेषा भरपूर मोठी करून पाहावी. रेषा वळण घेत असता एकदम तुटून दुसऱ्याच उंचीवर सुरू झाली असेल, तर तेथे नमुने हरवले आहेत. डोंगराचे शिखर सुरीने कापल्यासारखे सपाट झाले असेल, तर आवाज मर्यादेपलीकडे गेला होता. या दोन आजारांची औषधे अगदी वेगळी आहेत.

हरवलेल्या नमुन्यांची कारणे आता पाहू. विंडोज संगणकात प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर मधूनमधून प्रोसेसरचे लक्ष मागत असतो. वाय-फाय, ब्लूटूथ आणि ग्राफिक्स कार्ड यांचे ड्रायव्हर कधीकधी ठरल्यापेक्षा अधिक काळ ते अडवून धरतात. वाढप्याला बोलण्यात गुंतविणारे पाहुणे ते हेच. लेटन्सीमॉन नावाचे छोटे सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते नावानिशी दाखविते, आणि त्याची घरगुती आवृत्ती विनामूल्य आहे. ते हाताशी नसेल, तर वाय-फाय व ब्लूटूथ बंद करून पाहावे. केवळ एवढ्यानेच तडतड थांबल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. इंटरफेससोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. ही पद्धत स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली आणली, आणि विंडोजच्या सर्वसाधारण ध्वनिमार्गापेक्षा ती बहुधा अधिक भरवशाची ठरते. मॅक संगणकात कोअर ऑडिओची व्यवस्था मुळातच असल्याने तेथे वेगळ्या एएसआयओची गरज नसते.

विजेची बचत हीही मुद्रणाची वैरीण आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स निवडावे आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे. इंटरफेसची केबल अनेक तोंडांच्या हबला न लावता थेट लॅपटॉपला जोडावी. येथे आपल्या हवामानाचाही संबंध येतो. मुद्रणात खरखर येऊ नये म्हणून आपण मे महिन्यात पंखा बंद करतो. खोली तापते, लॅपटॉप तापतो, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. पहिली दोन गीते स्वच्छ आणि तिसऱ्यापासून तडतड, असे झाल्यास उष्णतेवर संशय घ्यावा. लॅपटॉप उशीवर किंवा गादीवर ठेवू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

हार्डडिस्कवर मात्र विनाकारण आळ येतो. २४ बिट व ४८,००० नमुन्यांच्या एका ट्रॅकला सेकंदाला केवळ १,४४,००० बाइट लागतात. आठ ट्रॅक झाले तरी जुनी डिस्कही हा भार सहज पेलते.

ठराविक अंतराने, घड्याळाच्या ठोक्यासारखी टकटक येत असेल, तर वेळेच्या चुकीचा आणखी एक प्रकार संभवतो. यूएसबी माइक आणि लॅपटॉपचा स्वतःचा हेडफोन-मार्ग एकाच वेळी वापरले की दोन वेगवेगळी स्फटिक-घड्याळे चालतात. ती कधीच अगदी बरोबरीने चालत नाहीत. काही वेळाने एकात नमुने शिल्लक राहतात, दुसऱ्यात कमी पडतात, आणि सांध्यावर टक् वाजते. हेडफोन माइकलाच किंवा इंटरफेसलाच जोडले की हा प्रश्न मिटतो. सॉफ्टवेअर, विंडोज व इंटरफेस या तिन्ही ठिकाणी सँपल रेट एकच, सर्वत्र ४४,१०० किंवा सर्वत्र ४८,०००, असल्याची खात्रीही करून घ्यावी.

संगणक निर्दोष ठरल्यावरच माइक व वायर यांच्याकडे वळावे. शिखरे सपाट दिसत असतील, तर गेन कमी करावा. २४ बिट मुद्रणात आवाजाची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तरी काही बिघडत नाही. ‘पिता’, ‘पुत्र’, ‘पवित्र’, ‘प्रभू’ : आपल्या प्रार्थनांतील किती शब्द ‘प’ने सुरू होतात पाहा! या प्रत्येक अक्षराबरोबर ओठांतून हवेचा झोत निघून माइकच्या पडद्यावर आदळतो आणि ‘ठप्प’ उमटतो. माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला ठेवला व मध्ये जाळीचा पॉप फिल्टर लावला की तो जातो.

वसईपासून सिंधुदुर्गापर्यंत आपण किनाऱ्यावर राहणारी माणसे. पावसाळ्यातील दमट हवेत कंडेन्सर माइकच्या अतिशय पातळ पडद्यावर ओल धरते, विद्युतभार गळतो, आणि फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. असा माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये साधा डायनॅमिक माइक वापरणे अधिक सुरक्षित. वायर हलविताच खरखर होत असल्यास दोष वायरचा किंवा पिनेचा समजावा.

सलग घुंई ऐकू येत असेल, तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. आवाज थांबला, तर दोष अर्थिंगच्या जोडणीत आहे. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत आणि घरचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. काही जण घुंई घालविण्यासाठी प्लगची तिसरी, अर्थची पिन मोडून टाकतात. हे कदापि करू नये. ती पिन विजेच्या धक्क्यापासून जीव वाचविण्यासाठी असते, आणि माइक हातात धरून उभा असलेला गायक अशा वेळी सर्वाधिक धोक्यात असतो.

जे गाणे पुन्हा मिळणार नाही, त्यातील तडतडीचे काय? ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये रिपेअर नावाची सोय आहे. ती एका वेळी जास्तीत जास्त १२८ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंदांचा भाग आजूबाजूच्या रेषेवरून अंदाजाने भरून काढते. एकेक टक् शोधून असे काम केल्यास संध्याकाळ जाईल, परंतु आजीबाईंचे गाणे बहुतांशी स्वच्छ होईल. सपाट झालेली शिखरे मात्र पूर्ववत होत नाहीत. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल तडतडीसकट वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी, कारण दुरुस्तीची साधने वर्षागणिक सुधारत आहेत.