घर सोडून गेलेल्या माणसाचे घर

वयाच्या तेराव्या वर्षी घर सोडून गेलेला मुलगा पुढे एका घराचा आधारवड व्हावा, हे तसे विपरीतच. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांच्या आयुष्यात मात्र ते घडले. महाराष्ट्र त्यांना गोनीदा म्हणून ओळखतो. घरच्या माणसांसाठी ते आप्पा होते. कादंबरीकार आणि दुर्गप्रेमी म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कुटुंबप्रमुख म्हणून ते कसे होते, याकडे मात्र थोडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. कारण त्यांच्या घराच्या चार भिंती तळेगाव दाभाड्यात असल्या, तरी अंगण सह्याद्रीभर पसरलेले होते.

८ जुलै १९१६ रोजी परतवाडा येथे त्यांचा जन्म झाला. स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने शाळा सुटली, घर सुटले, आणि मग बरीच वर्षे पायांखालची वाट हाच पत्ता राहिला. गाडगेमहाराजांच्या सहवासात ते वावरले. दिवसा हाती खराटा आणि रात्री कीर्तन, अशी ती पाठशाळा. पुढे नर्मदेची परिक्रमा त्यांनी पायी केली. नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही, भिक्षेत मिळेल ते खायचे आणि काठावर जागा मिळेल तिथे पाठ टेकायची, असे तिचे नियम. त्या काठावरच्या अनुभवांतून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ साकारली. अपरिग्रहाची शिकवण त्यांना ग्रंथांतून मिळाली असेल वा नसेल. खांद्यावर पेलेल तेवढेच ओझे आपले, हे पायांनी त्यांना नक्कीच शिकवले होते.

असा माणूस संसारात पडला म्हणजे दोनच शक्यता दिसतात. एक तर तो भटकंती सोडतो, नाही तर संसार वाऱ्यावर सोडतो. आप्पांनी तिसरी वाट काढली. त्यांनी घरच्यांनाच डोंगरवाटेवर सोबत घेतले. कन्या वीणा आणि पुढे नाती मृणाल व मधुरा यांना आप्पा जसे घरात भेटले, तसेच गडावरही भेटले. आजोबांनी नातवंडांना गोष्ट सांगणे सर्वच घरांत घडते. इथे गोष्ट जिथे घडली, ती जागाच समोर असे.

गड म्हणजे त्यांच्या लेखी चढाईचे आव्हान नव्हते. आज शनिवार-रविवारी राजगडावर जाणारे अनेकजण दुपारपर्यंत बालेकिल्ला गाठतात, छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी गुंजवण्याला उतरतात. आप्पांच्या पिढीतील खऱ्या दुर्गयात्रीला ही घाई उमगली नसती. सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याची राजधानी असलेला हा गड. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या त्याच्या तीन माच्या तीन दिशांना पसरलेल्या. सकाळचे ऊन आधी कोणत्या तटाला लागते, टाक्यातले पाणी कधी आटते, कोणत्या वाटेने गुरे चढतात, हे कळण्यासाठी गडावर राहावे लागते. आप्पा तसे राहत. गडावरच्या आणि पायथ्याच्या माणसांशी बोलत, त्यांची बोली कानांत साठवत.

त्यांच्या कादंबऱ्यांचा मोठा भाग याच साठवणीतून आला, हे त्यांची ठिकाणे पाहिली तरी ध्यानात येते. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीचा, ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंगच्या परिसरातला, ‘रानभुली’ रायगडाची, ‘वाघरू’ राजगडाचे. ‘जैत रे जैत’मध्ये कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर समाज आणि लिंगोबाचा डोंगर येतो, त्यावर १९७७ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांनी काढलेला चित्रपट आजही लोकांच्या स्मरणात आहे. ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडी बोलीत आहे, तर ‘पडघवली’त कोकणातले मोडत चाललेले खेडे बोलते. एका लेखकाच्या कानाने इतक्या बोली टिपाव्यात, हे केवळ अभ्यासाने साधत नाही. ज्याच्या चुलीपाशी आपण बसलो त्याची भाषा आपोआप जिभेवर येते. या सर्वांत ‘बुधा’ला वेगळे स्थान द्यावेसे वाटते. मुंबईतले आयुष्य मागे टाकून तो म्हातारा माचीवर परततो आणि झाडे, पाखरे, मुकी जनावरे यांच्यात आपले गणगोत पाहतो. लेखकाने त्याच्यात स्वतःचा किती अंश घातला असेल, हा प्रश्न वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

लेखणीबरोबर त्यांनी कॅमेराही गडावर नेला. कोसळत्या तटांची, दरवाजांची, बुरुजांची त्यांनी टिपलेली चित्रे पुढे पुस्तकरूपाने आली. ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचून गडाची पहिली वाट धरलेली माणसे महाराष्ट्रात गावोगावी भेटतात.

येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. भटक्या पुरुषांचे कौतुक करताना, ते परतून येत ते घर कोणी राखले, याचा आपल्याला सहज विसर पडतो. लेखणीवर संसार चालवणे त्या काळी सोपे नव्हते, आणि घरधनी डोंगरात असताना तर मुळीच नव्हते. दाराबाहेर पडणारी प्रत्येक दुर्गयात्रा घरात थांबलेल्या सहधर्मचारिणीच्या बळावर उभी होती.

‘स्मरणगाथा’ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परतवाड्याहून निघालेला मुलगा अर्धशतकानंतर मानाने वऱ्हाडात परतला. १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

वडीलधारे माणूस गेल्यावर कुटुंबे बहुधा तसबीर लावतात, पुण्यतिथीला चार माणसे जेवू घालतात. या घराने आप्पांचे शब्द मोठ्याने वाचणे चालू ठेवले. डॉ. वीणा देव, त्यांचे पती डॉ. विजय देव आणि मुली यांनी आप्पांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे कार्यक्रम त्यांच्या हयातीतच सुरू केले होते. वेशभूषा नाही, देखावा नाही. हातात पुस्तक आणि बोलीचा नेमका स्वर. जावयाने सासऱ्याच्या पुस्तकातील पात्राचा आवाज व्हावे आणि नातीने आजोबांनी लिहिलेली रानातली पोर बोलकी करावी, असे दृश्य साहित्यिकांच्या घरांतही विरळाच. डॉ. वीणा देव यांनी वडिलांचे चरित्रही लिहिले. त्यांच्या नावाने दुर्गप्रेमींचे मंडळ उभे राहिले आणि दुर्गसाहित्य संमेलने भरू लागली. त्यांतले पहिले बुधाच्या राजमाचीवर झाले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये डॉ. वीणा देवही गेल्या. आप्पांचा स्वर ज्यांच्या कानांत थेट होता, अशी माणसे आता कमी होत चालली आहेत. गडही पूर्वीचे राहिले नाहीत. १९९६ पासून रायगडावर रज्जुमार्ग आहे. जुलै २०२५ मध्ये राजगड, रायगड, लोहगड यांच्यासह बारा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याचा आनंद आप्पांना निश्चितच झाला असता. राजमाची आणि तुंग त्या यादीत नाहीत.

आजोबांच्या सोबतीने गड पाहिलेली नात मृणाल पुढे अभिनेत्री झाली. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ या चित्रपटांत तिने जिजाऊ साकारल्या. जिजाऊंची समाधी रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला आहे. पायी गड चढणारा यात्रेकरू आजही आधी तिथे वाकतो, आणि मग वाटेला लागतो.