बूट नेमका कुणाच्या मापाचा?

"डिसेंबरात कसला आलाय चिखल?" हॉस्टेलवरच्या मैत्रिणीनं विचारलं, तेव्हा मी तिला व्हिडिओ कॉलवर माझे पाय दाखवले. घोट्यापर्यंत काळेकुट्ट! शेजारी शेरू, त्याचे चारही पाय तसेच.

मी बेलापूरची. नवी मुंबईतलं नव्हे, श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं. आमच्याकडे चिखलाचे सीझन दोन. एक पावसाचा, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा थंडीचा. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की पाटाला पाणी येतं, चाऱ्या फुटतात, गहू-हरभरा-ऊस भिजतो आणि रस्त्याचाही काही भाग त्यात भिजून निघतो. त्यात ऊसतोड सुरू. भरलेल्या ट्रॅक्टरनी रस्त्याची पार वाट लावलेली असते. तर अशा रस्त्यानं मी सुट्टीत रोज सकाळी शेरूला फिरवायला नेते.

आजीला हे अजून पटलेलं नाही. "कुत्र्याला फिरवायला न्यायचं असतं व्हय? त्याचं ते फिरतंय की!" तिचंही बरोबर आहे. शेरू गावठी, आधी मोकळाच असायचा. पण मागच्या वर्षी पलीकडच्या वस्तीवरचा कुत्रा बिबट्यानं उचलला आणि घरात पट्टा आला. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला होता. त्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा! म्हणून आमचा नियम ठरलाय: चांगलं उजाडल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, उसाच्या कडेनं जायचं नाही, पट्टा सोडायचा नाही. आता एका हातात ओढणारा कुत्रा आणि पायाखाली निसरडा बांध असला, तर बूट ही फॅशनची गोष्ट उरत नाही. तुमच्याकडे कुत्रा नसला तरी एनएसएसचा कॅम्प असेल, ट्रेक असेल, शेतातला प्रोजेक्ट असेल. थांबा, पुढचं वाचा. माझे पैसे गेलेत, तुमचे वाचू द्या.

मी केलेले तीन घोळ

पहिला घोळ म्हणजे कॉलेजचे स्पोर्ट्स शूज. जाळीचं कापड, दहा मिनिटांत मोजे ओले. वाळायला दोन दिवस, वास जायला आठवडा.

दुसरा घोळ महागात पडला. ऑनलाइन मागवलेले घोट्याएवढे 'वॉटरप्रूफ' ट्रेकिंग शूज. फोटोत एकदम भारी. बुटातून पाणी आत आलं नाही हे खरं, पण वरून आलं. चारी ओलांडताना पाय नळीपर्यंत गेला आणि बूट बादलीसारखा भरला. वॉटरप्रूफची गंमत अशी, की आत गेलेलं पाणी बाहेरही येत नाही.

तिसरा घोळ म्हणजे तात्यांचे गमबूट. मला दोन नंबर मोठे. तिसऱ्याच दिवशी शेरूला मुंगूस दिसलं. तो पळाला, मी त्याच्यामागं, आणि बूट जागेवरच! एक पाय मोज्यावर चिखलात, दुसरा हवेत, आणि पुढच्या क्षणाला मी आडवी. टाचेला फोड आला तो वेगळाच. चार दिवस स्लिपरवर काढले.

चिखल ओळखा, मग बूट

आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. ओली असताना ती बुटाला नुसती लागत नाही, धरून ठेवते. पाय उचलला की खालून ओढ बसते आणि बूट सैल असेल तर टाच आतल्या आत वर सरकते. फोड येतात ते या घासण्यानं, आणि बूट रुतून राहतो तोही याच कारणानं. म्हणजे इथं 'वॉटरप्रूफ आहे का' हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की टाच जागेवर राहते का?

श्रीरामपूरला जाऊन शेवटी मी गमबूटच घेतले. शोरूममध्ये नाही, शेतीची अवजारं मिळतात त्या दुकानात. ट्रेकिंग शूजच्या पाव किमतीत. जाण्याआधी बरंच वाचलं, विचारलं. त्याचा हा अर्क:

उंची : डांबरी रस्ता आणि ओलं गवत एवढंच असेल तर घोट्याएवढा बूट चालतो. चारी, पाट, ऊस असेल तर पोटरीपर्यंतचाच घ्या. पोटरीभोवती एक-दोन बोटं जातील एवढीच जागा हवी. त्याहून सैल असला तर वरून खडे, पाचट, पाणी सगळं आत.

रबर की पीव्हीसी : पीव्हीसीचा बूट स्वस्त आणि धुवायला सोपा, पण थंडीत कडक होतो. चवड्याशी वाकत नाही आणि चालताना नडगीला लागतो. रबराचा मऊ असतो, थंडीतही वाकतो, पण वजनाला आणि खिशाला जड. दुकानात दोन्ही हातात घेऊन चवड्याजवळ वाकवून बघा. हाताला जड जातंय ते पायाला रोज जड जाणार. आयएसआय मार्कही बघा. रबरी गमबुटांसाठी आयएस ५५५७ आणि पीव्हीसी बुटांसाठी आयएस १२२५४ अशी मानकं आहेत.

सोल : बारीक नक्षी दिसते छान, पण काळी माती त्यात पाच पावलांत भरते आणि बुटाची घसरगुंडी होते. खोल आणि एकमेकांपासून लांब असलेल्या खाचा बघा, त्यातून माती आपोआप गळून पडते. टाचेला कड असली तर उतारावर पकड मिळते.

माप : संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. जे जाड मोजे घालणार तेच सोबत न्या. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी आणि टाच उचलताना जवळपास हलता कामा नये. दोन्ही पायांत घालून दुकानातच चाला, पायरी चढा-उतरा. दुकानदार बघत असला तर बघू द्या.

आतला ओलावा : रबरातून पाणी आत येत नाही तसा घामही बाहेर जात नाही. अर्ध्या तासानं मोजे दमट लागले तर बूट गळका आहे असं लगेच समजू नका. सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्यापेक्षा लोकरीचे किंवा लोकर-मिश्र बरे. आतला तळवा निघणारा असावा, म्हणजे वेगळा वाळवता येतो. 'ब्रीदेबल' पडद्याचे महागडे बूट घामाची वाफ बाहेर सोडतात, पण वरून चिखलाचा थर बसला की त्यांचाही श्वास कोंडतो.

घरी आल्यावर : लगेच धुवा, माती वाळली की खरवडावी लागते. आत जुन्या पेपरचे बोळे कोंबून सावलीत ठेवा. कडक उन्हात रबराला चिरा पडतात. घालण्याआधी उलटे करून झटका. विंचू, बेडूक यांनाही असं घर आवडतं. आणि हो, कुत्र्याचे पाय विसरू नका. बोटांच्या मधली माती वाळून गोळा झाला की तो लंगडतो. कोमट पाणी आणि जुना टॉवेल, बास.

नगरच्या किल्ल्यापासून उसाच्या सरीपर्यंत

गमबुटाला इंग्रजीत 'वेलिंग्टन' म्हणतात, हे वाचताना एक भारी गोष्ट सापडली. हा वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, याच माणसानं आपल्या नगरचा भुईकोट किल्ला घेतला होता. आपला चिखल त्यानंही तुडवलेला! पुढं तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, लंडनच्या चांभाराकडून घोडेस्वारीच्या बुटात त्यानं बदल करून घेतले आणि त्या बुटाला त्याचं नाव पडलं. तो बूट कातड्याचा, बड्या लोकांचा. १८५३ मध्ये हायरम हचिन्सन या अमेरिकन माणसानं फ्रान्समध्ये रबराच्या बुटांचा कारखाना काढला, आणि लाकडी खडावा घालून शेतात राबणाऱ्यांच्या पायात कोरडा बूट आला. सरदाराचा बूट शेतकऱ्याचा झाला.

हे मी रात्री जेवताना सगळ्यांना रंगवून सांगितलं. पप्पा हसले, उठले, बॅटरी घेतली आणि दारं धरायला निघाले. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. पायात काय? पट्टी तुटून तारेनं बांधलेली स्लिपर. तीही बांधावर काढून ठेवणार आणि अनवाणी सरीत उतरणार.

मी महिनाभर कुत्र्याला फिरवायच्या बुटांवर रिसर्च करत होते. आणि ज्या माणसाला रात्री बारा वाजता उसात पाणी फिरवायचं असतं, त्याच्या पायांकडं एकदाही बघितलं नव्हतं.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक खेड्यातले. आणि साप चावतो तो बहुतेक वेळा पायालाच. बूट म्हणजे चिलखत नव्हे, पण अनवाणी पाय आणि पोटरीपर्यंतचं जाड रबर यात फरक आहेच. (दंश झालाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठायचा.)

"पप्पा, गमबूट का घालत नाही?" दुसऱ्या दिवशी विचारलं.

"घातले होते की. रुततात. बूट काढू का पाणी बघू?"

मला वाटत होतं हा हट्ट आहे. पण हा तर माझाच तिसरा घोळ होता! मी घसरले त्याच कारणानं त्यांनी बूट सोडले होते. 'एक घ्या, सगळ्यांना चालतो' म्हणून आणलेला बूट कुणालाच चालत नाही.

मग मी आपलाच पेपर जमिनीवर पसरला, पप्पांना त्यावर उभं केलं आणि पेन्सिलीनं दोन्ही पाय काढले. इतकी वर्षं अनवाणी राबलेला पाय पुढं पंख्यासारखा पसरलेला. लांबीनं आठ नंबर, पण आठचा बूट चवड्याला आवळणार आणि नऊचा टाचेला सुटणार. उपाय साधा निघाला: नऊ नंबरचा रबरी बूट, आत जादा तळवा आणि जाड मोजे. कापलेला पेपर घेऊन मी त्याच दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "पायाचं माप घेऊन गमबूट न्यायला आलेली तू पहिलीच."

पप्पा रोज घालतात का? नाही. दिवसा अजूनही अनवाणीच. पण रात्री घालतात, आणि माझ्यासाठी तेवढं आत्ता पुरे आहे. आता रात्री अंगणातून फचक-फचक आवाज लांब जातो, शेरू कान टवकारतो आणि मी परत झोपते.

तुम्ही या सुट्टीत घरी जाल तेव्हा बुटांची खरेदी जरूर करा. फक्त जाताना खिशात पेपरवर काढलेलं एक जादा माप असू द्या.