सोलर बसवण्याआधी लाईट बिल वाचा

मागच्या महिन्यात दारव्हा तालुक्यातल्या एका वस्तीत एजंट ३ किलोवॅट सोलरचं कोटेशन घेऊन आला. किंमत १ लाख ९० हजार रुपये. "सबसिडी आहे, कर्जही करून देतो," असं तो म्हणाला. घरातल्या मुलानं मला फोन केला. बिल पाहिलं, तर वापर महिन्याला फक्त ८० युनिट!

१ किलोवॅटचं सोलर महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतं. म्हणजे या घराला १ किलोवॅट पुरे. जास्तीची वीज महावितरणकडे जाते, पण वर्षअखेर शिल्लक युनिटला मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून आधी १२ महिन्यांच्या युनिटची सरासरी काढा.

पैसे कोण देतं?

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. ३ च्या पुढे ते वाढत नाही.

महिना १०० युनिटपेक्षा कमी वापर असणाऱ्यांसाठी राज्याची 'स्मार्ट' योजना २०२५ मध्ये आली. त्यात १ किलोवॅटसाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला ५,००० आणि इतरांना १०,००० रुपये भरावे लागतात. आपल्या बौद्ध कुटुंबांनी जातीचा दाखला तयार ठेवावा. लाभ प्रथम येणाऱ्याला आहे, त्यामुळे कोटा शिल्लक आहे का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारा.

सही करण्याआधी

- मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी नाव बदला. थकबाकी भरा.
- विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा. किमान तीन कोटेशन घ्या.
- पॅनेल भारतीय बनावटीचे, म्हणजे 'डीसीआर' आहेत, हे लेखी घ्या. नाहीतर अनुदान बुडतं.
- पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या.
- पीएम सूर्य घरचं अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात येतं. ते "मिळवून देण्यासाठी" कुणाला पैसे देऊ नका.
- साधं ऑन-ग्रिड सोलर लाईन गेली की बंद पडतं. बॅटरीचा खर्च वेगळा आणि त्यावर अनुदान नाही.

त्या कुटुंबानं कर्ज घेतलं नाही, 'स्मार्ट'साठी अर्ज केला. कार्यकर्त्यांनो, येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. विहारात सगळ्यांना लाईट बिल घेऊन बोलवा. एजंट दारात येण्याआधी हिशोब आपण करू.

जय भीम!