काळ्या पाषाणात प्रकाशाची वाट

परभणी जिल्ह्याची जमीन काळी आणि तिच्याखालचा दगडही काळा. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची जुनी देवळे ज्या बेसाल्टची, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडला. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले. पुढे क्षारयुक्त गरम पाणी त्या पोकळ्यांत झिरपले आणि तिथे स्फटिक वाढले. दख्खनच्या या दगडात क्वार्ट्झ, कॅल्साइट, स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट अशी खनिजे सापडतात. प्रकाश प्रत्येकातून वेगळ्या तऱ्हेने जातो, कारण प्रत्येकातली अणूंची मांडणी वेगळी.

कॅल्साइटचा पारदर्शक तुकडा छापील ओळीवर ठेवा, एका ओळीच्या दोन दिसतील. डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये याची नोंद केली. अणूंवरून उलगडा व्हायला मात्र १९२४ साल उजाडले. कॅल्साइटमध्ये एका कार्बनभोवती तीन ऑक्सिजन अशी सपाट त्रिकोणी रचना असते आणि असे सगळे त्रिकोण एकमेकांना समांतर असतात. प्रकाशाचे कंपन त्रिकोणांच्या पातळीत असेल, तर शेजारचे ऑक्सिजन अणू एकमेकांचा प्रतिसाद वाढवतात आणि प्रकाश अधिक मंदावतो. तिथे मंदावण्याचे माप, म्हणजे अपवर्तनांक, १.६६, तर त्रिकोणांना लंब दिशेत १.४९. म्हणूनच ओळ दुहेरी दिसते. भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग यांनी त्या वर्षी हे आकडे अणूंच्या जागांवरून गणिताने काढून दाखवले.

पुण्यातल्या पाषाणचा हिरवा ॲपोफिलाइट संग्राहकांत प्रसिद्ध आहे. त्याचा हिरवा रंग किंचित व्हॅनेडियममुळे येतो. झळाळी मात्र रचनेची देणगी. या स्फटिकात सिलिकेटचे थर एकावर एक असतात आणि तो थरांना समांतर सहज फुटतो. म्हणून त्या पृष्ठावर मोत्याची झाक दिसते, तर बाजूची पृष्ठे काचेसारखी लखलखतात.

मांडणीच प्रकाशाची चाल ठरवते याचा याहून बोलका पुरावा पुणे परिसरातल्या वाघोलीच्या खाणींत मिळाला. तिथली कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट ही दोन्ही खनिजे निळी. दोघांचे रासायनिक सूत्रही एकच: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाणी. निळा रंग व्हॅनेडियमचा. पण कॅव्हन्साइटमध्ये सिलिकेटची कडी चार आणि आठ एककांची, पेंटागोनाइटमध्ये सहांची. दोघांनाही तीन दिशांचे तीन अपवर्तनांक आहेत. पहिल्यात मधला आकडा सर्वांत लहान आकड्याकडे झुकतो, दुसऱ्यात सर्वांत मोठ्याकडे. घटक तेच, मांडणी बदलली आणि प्रकाशाची चाल पालटली.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनचे असे स्फटिक पाहता येतात. पण विहीर खोदताना निघणारे किती तरी नमुने मलब्याबरोबर खडी क्रशरमध्ये जातात. परभणीतही विहिरीत सुरुंग उडाल्यावर असा खडा हाती लागला, तर त्याच्याबरोबर गावाचे नाव, खोली आणि कोणत्या थरात तो मिळाला हे लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला दाखवा. ठिकाण हरवलेला स्फटिक शोभेचा उरतो. ठिकाण माहीत असलेलाच अभ्यासाचा होतो.