पृष्ठावरील चित्र कोठे हरवते?

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळासाठी एखादे पृष्ठ तयार होते. वृक्षारोपणाचे छायाचित्र, गावाचा नकाशा, घरकुल लाभार्थ्यांच्या यादीची प्रत असे सर्व त्यात नीट बसविलेले असते. कार्यालयातील संगणकावर ते उत्तम दिसते. परंतु तेच पृष्ठ गावकरी आपल्या भ्रमणध्वनीवर उघडतो, तेव्हा यादीच्या जागी रिकामी चौकट आणि फाटक्या चित्राची खूण तेवढी आढळते. पृष्ठ करणाऱ्यास याची वार्ताही नसते. त्याच्यापुरती यादी प्रसिद्ध झालेली असते!

याचे मूळ कारण असे की, सामान्यतः वेबपृष्ठात चित्र साठविलेले नसतेच. १९९३ साली मोझेक या ब्राउझरने मजकुराबरोबरच चित्र दाखविण्याची सोय केली, तेव्हापासून पृष्ठात चित्राचा केवळ पत्ता लिहिण्याची पद्धत रूढ आहे. टंकलिखित दस्तऐवजात चित्र डकविले म्हणजे ते त्यातच राहते, अशी आपणांस सवय असते. घोटाळा होतो तो येथे.

ड्रीमवीव्हरसारख्या आज्ञावलीत पृष्ठ जतन करण्यापूर्वीच चित्र घातले, तर पत्ता म्हणून आपल्याच संगणकातील ‘सी’ ड्राइव्हचा मार्ग लिहिला जातो. तो मार्ग जगात अन्य कोठेही उपयोगी नाही. यास्तव प्रथम संकेतस्थळासाठी एक स्वतंत्र फोल्डर करावे, त्यात चित्रांचे उपफोल्डर ठेवावे, आज्ञावलीस ते फोल्डर ‘साइट’ म्हणून दाखवून द्यावे, कोरे पृष्ठ जतन करावे आणि मगच चित्र घालावे. चित्र बाहेरचे असल्यास त्याची प्रत फोल्डरात घ्यावी काय, असे ड्रीमवीव्हर विचारते. तेथे होकार द्यावा. सर्व्हरवर चढविताना पृष्ठाबरोबर चित्रांचे फोल्डरही त्याच रचनेत गेले पाहिजे.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. विंडोज प्रणाली फाइलच्या नावातील इंग्रजी मोठ्या व लहान अक्षरांत भेद मानीत नाही. लिनक्सवर चालणारे सर्व्हर मात्र तो काटेकोरपणे मानतात. कित्येक कॅमेरे ‘जेपीजी’ हे शेपूट मोठ्या अक्षरांत लिहितात आणि पृष्ठात ते लहान अक्षरांत लिहिले जाते. घरी चालते, सर्व्हरवर अडते. नावे सर्वत्र लहान इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावीत, हे बरे.

चित्राचा प्रकारही पाहावा. टिफ फाइल किंवा २०१७ पासून आयफोन घेत असलेली ‘एचईआयसी’ छायाचित्रे बहुतेक ब्राउझर दाखवीत नाहीत. नुसते शेपूट बदलून प्रकार बदलत नाही. फाइल चित्र-आज्ञावलीत उघडून जेपीजी किंवा पीएनजी म्हणून जतन करावी लागते. त्याचप्रमाणे पृष्ठावर चित्र कोपऱ्यास धरून लहान केले, तरी फाइलचा आकार तसूभरही घटत नाही. मंद जोडणीवर असे चित्र अर्धवटच उतरते.

निदान कसे करावे? रिकाम्या चौकटीवर उजवी कळ दाबून चित्र नव्या टॅबमध्ये उघडावे व वर दिसणारा पत्ता वाचावा. तेथे ‘४०४’ असा संदेश आला, तर फाइल चढलेली नाही किंवा नावात फरक आहे. पत्ता ‘फाइल’ या शब्दाने आरंभ होत असेल, तर मार्ग आपल्या संगणकाचा आहे. दुरुस्तीनंतरही जुनेच दिसल्यास कंट्रोल व एफ-५ या कळा एकत्र दाबाव्यात. आणि अखेरची तपासणी नेहमी दुसऱ्याच्या यंत्रावर करावी.

प्रत्येक चित्रास पर्यायी मजकूर द्यावा, असे केंद्र शासनाने २००९ साली शासकीय संकेतस्थळांसाठी प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही अपेक्षित आहे. चित्र न उतरल्यास तो मजकूर दिसतो आणि अंध व्यक्तीचे वाचक-यंत्र तोच वाचून दाखविते. परंतु लाभार्थ्यांची यादी पर्यायी मजकुरात मावणार नाही. ती चित्ररूपाने न देता अक्षरांतच टंकित करावी.